फोनच्या कॅमेऱ्याला भिंग लावून अगदी जवळचे फोटो कसे काढावेत

फोन मुंगीच्या जवळ जवळ नेत राहिलात की ती आधी मोठी दिसते आणि मग एका टप्प्याला सगळंच धूसर होतं. त्याच्या अलीकडे कॅमेऱ्याला फोकस करताच येत नाही. बहुतेक फोनांच्या मुख्य कॅमेऱ्यासाठी हे कमीत कमी अंतर ८ ते १५ सेंटिमीटर असतं. मोठा सेन्सर असलेल्या फोनांत ते याहूनही जास्त निघतं. पुढे बोटाने झूम केलं तर चित्र फुगतं, पण नवा तपशील मिळत नाही. कॅमेऱ्यापुढे एक बहिर्वक्र भिंग धरलं की हे अंतर दोन-अडीच सेंटिमीटरवर येतं, आणि मुंगीच्या मिशांचे सांधेसुद्धा वेगळे दिसू लागतात.

फोनमध्ये आधीच 'मॅक्रो' कॅमेरा आहे, मग भिंग कशाला? तो कॅमेरा २ मेगापिक्सेलचा आणि ठरावीक ४ सेंटिमीटरला बांधलेला असेल, तर मुख्य कॅमेरा अधिक साधं भिंग ही जोडी त्याच्यापेक्षा सहज सरस ठरते. काही फोन मॅक्रोसाठी अल्ट्रावाइड कॅमेरा वापरतात. तो चांगला असतो, पण २-३ सेंटिमीटरवर जावं लागतं आणि चौकट मात्र बरीच रुंद राहते. शिवाय फोनची स्वतःची सावली विषयावर पडते, ती वेगळीच.

'एक्स'चा आकडा सोडा, नाभीय अंतर मोजा

भिंगावर ५ एक्स, १० एक्स, १५ एक्स असं छापलेलं असतं. हा आकडा डोळ्यासाठी आहे. २५० मिलिमीटरला भिंगाच्या नाभीय अंतराने (दुरून आलेला प्रकाश भिंग जितक्या अंतरावर एकवटतं, त्याने) भागलं की तो येतो. म्हणजे १० एक्सचं नाभीय अंतर २५ मिमी आणि ५ एक्सचं ५० मिमी. क्लिपच्या स्वस्त भिंगांवरचे आकडे तर अनेकदा या हिशोबातही बसत नाहीत. म्हणून आपण स्वतः मोजलेलं बरं.

मोजायची रीत सोपी आहे. खोलीत खिडकीपासून चार-पाच मीटर दूर उभे राहा. भिंग पांढऱ्या कागदासमोर धरा आणि पुढे-मागे करत कागदावर खिडकीचं उलटं, रेखीव चित्र मिळवा. त्या क्षणी भिंग आणि कागद यांच्यात जितकं अंतर, तितकं नाभीय अंतर. हे सूर्यावर करू नका, कागद पेटतो.

हा एक आकडा हाती आला की दोन गोष्टी कळतात. फोनचा फोकस अनंतावर असेल, तर विषय भिंगापासून बरोबर नाभीय अंतरावर ठेवावा लागेल. आणि फोटोत किती रुंदीचा भाग मावेल, तेही काढता येईल. ४:३ च्या फोटोची लांब बाजू धरली, तर मुख्य कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबात २४ ते २६ मिमीचा) नाभीय अंतराला १.३ ते १.४५ ने गुणा, ३ एक्स टेलिफोटोवर (मुख्य कॅमेऱ्याच्या तिप्पट मोठं दाखवणारा फोनचा दुसरा कॅमेरा) ०.४५ ने, ५ एक्सवर साधारण ०.३ ने. २५ मिमीचं भिंग मुख्य कॅमेऱ्यावर साधारण ३३ मिमी रुंद भाग दाखवेल, ३ एक्स टेलिफोटोवर ११ मिमी.

भिंगाशिवाय १० सेंटिमीटरवरून तोच मुख्य कॅमेरा साधारण १३ सेंटिमीटर रुंद भाग पाहतो. म्हणजे '१० एक्स' भिंगाने चित्र दहापट नव्हे, चौपट मोठं झालं. हे आधीच ठाऊक असलं की निराशा होत नाही.

कोणतं भिंग घ्यावं

सुरुवातीला २५ ते ५० मिमी नाभीय अंतराचं, किमान १० मिमी व्यासाचं काचेचं भिंग घ्या. व्यास याहून लहान असेल तर मुख्य कॅमेऱ्यावर फोटोचे कोपरे काळे पडतात.

साध्या एकेरी भिंगाने मध्यभाग चांगला येतो, पण कडा पसरट दिसतात आणि काळ्या-पांढऱ्या सीमेवर जांभळी-हिरवी झालर येते. कारण वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश ते किंचित वेगवेगळ्या अंतरावर एकवटतं. दोन काचा जोडलेलं ॲक्रोमॅट भिंग ही झालर बरीच कमी करतं. तीन काचांचा १० एक्स ट्रिप्लेट लूप (रत्नपारखी आणि भूशास्त्रज्ञ वापरतात तो) याहून चांगला. एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर ट्रिप्लेटच घ्यावा. त्याचा व्यास १८ ते २१ मिमी असतो, त्यामुळे बसवतानाही सोपं जातं.

घरात जुन्या दुर्बिणीचं आयपीस (डोळा लावायच्या बाजूचं भिंग) किंवा जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिमी लेन्स पडली असेल, तर तीही चालते. ती लेन्स उलटी धरायची: जो भाग कॅमेऱ्यात बसायचा तो विषयाकडे, पुढची काच फोनकडे, छिद्र पूर्ण उघडं आणि फोकस अनंतावर. गुणवत्ता उत्तम मिळते, पण जड असल्याने स्टँडशिवाय जमत नाही.

लेझर पॉइंटरमधलं चिमुकलं भिंग केसांच्या पिनेत पकडून लावायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. त्याचं नाभीय अंतर काही मिलिमीटरच असल्याने मीठ, साखर, परागकण यांसाठी ते चालतं. पण विषय काचेला जवळजवळ टेकतो आणि चौकटीचा मधला गोलच कामाचा उरतो. याच वाटेने आणखी पुढे गेलं की सूक्ष्मदर्शकाचा प्रांत लागतो. अँटनी व्हॅन ल्यूवेनहॉक यांनी १६७० च्या दशकात एकाच इवल्या भिंगातून सूक्ष्मजीव पाहिले. मनू प्रकाश यांच्या फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकातही गोल मण्यासारखं एकच भिंग असतं आणि ते साधारण १४० पट मोठं दाखवतं. ते वेगळं तंत्र आहे, इथे त्यात शिरत नाही.

एकच भिंग कमी पडलं तर दोन एकत्र लावा. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात (१००० भागिले मिलिमीटरमधलं नाभीय अंतर), आणि जवळजवळ ठेवलेल्या भिंगांच्या शक्तींची बेरीज होते. ५० मिमीची दोन भिंगं म्हणजे २० अधिक २०, एकूण ४० डायॉप्टर, म्हणजेच २५ मिमी. दोन्हींची एक बाजू सपाट असेल, तर फुगीर बाजू एकमेकींकडे करा. तेवढ्याच शक्तीच्या एका भिंगापेक्षा ही जोडी जास्त स्वच्छ चित्र देते.

टेलिफोटो असेल तर तो वापरा

फोनमध्ये खरा ३ एक्स किंवा ५ एक्स कॅमेरा असेल, तर पहिला हक्क त्याचा. त्याच्यापुढे १० डायॉप्टरचं, म्हणजे १०० मिमीचं ॲक्रोमॅट क्लोजअप भिंग धरा. ५ एक्सवर साधारण ३ सेंटिमीटर रुंद चौकट मिळेल. मुख्य कॅमेऱ्यावर २५ मिमीचं भिंग जवळपास एवढीच चौकट देतं, पण विषयापासून अडीच सेंटिमीटरवर. इथे तुम्ही १० सेंटिमीटर दूर असता. फुलपाखरू उडून जात नाही, प्रकाशाला आत यायला जागा मिळते आणि मागचा भाग मऊ होतो. पेरिस्कोप प्रकारच्या टेलिफोटोची काच मोठी आणि खोल असते, म्हणून भिंगाचा व्यास २० मिमी किंवा जास्त घ्या.

अडचण एकच येते. प्रकाश कमी झाला किंवा विषय जवळ आहे असं वाटलं, की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याकडे वळतो आणि त्याच्याच चित्राचा तुकडा कापून दाखवतो. टेलिफोटोच्या काचेवर बोट ठेवून पाहा. स्क्रीन काळी झाली नाही, तर चित्र दुसऱ्याच कॅमेऱ्यातून येतंय. कॅमेरा हाताने निवडू देणारा प्रो मोड किंवा वेगळं कॅमेरा ॲप वापरलं की हे थांबतं.

भिंग बसवणं

इथे केलेली घाई पुढे प्रत्येक फोटोत दिसते.

१. बोट ठेवून पाहण्याच्या याच युक्तीने कोणता कॅमेरा चालू आहे ते ठरवा. कॅमेरा ॲप चालूच ठेवा.

२. फोनची काच आणि भिंग, दोन्ही आधी फुंकणीने आणि मग मायक्रोफायबर कापडाने पुसा. धुळीचा कण तसाच ठेवून कापड घासलं तर ओरखडा पडतो.

३. २-३ मिमी जाडीच्या काळ्या फोमच्या तुकड्याला भिंगापेक्षा किंचित लहान भोक पाडा आणि भिंग त्यात दाबून बसवा. काळाच फोम घ्या, पांढऱ्यावरून परावर्तित झालेला प्रकाश चित्रावर धुरकट पडदा आणतो.

४. भिंग फोनच्या काचेपासून १-२ मिमीवर ठेवा. टेकलं तर ओरखडे, दूर गेलं तर कोपरे काळे.

५. स्क्रीनवर चारही कोपरे सारखे उजळ दिसेपर्यंत सरकवा आणि मग दुहेरी चिकटपट्टीने फोम पक्का करा.

कायमची सोय हवी असेल तर फोनचं जुनं कव्हर घ्या आणि भिंग त्यालाच बसवा. लागेल तेव्हा कव्हर बदललं की काम झालं. भिंग चिकटवायला सुपरग्लू वापरू नका, सुकताना त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी चालतो. चुंबकाने चिकटणारी भिंगंही टाळलेली बरी. चुंबक कॅमेऱ्याच्या शेजारी आला की प्रतिमा स्थिर ठेवणारी आणि फोकस सरकवणारी यंत्रणा बिघडल्यासारखी वागू शकते.

भिंगाची एक बाजू सपाट असेल तर ती कोणीकडे ठेवायची? फुगीर बाजू फोनकडे ठेवली की मध्यभाग जास्त रेखीव येतो, सपाट बाजू फोनकडे ठेवली की बहुधा कडा सुधारतात. दोन्ही रीतींनी छापील मजकुराचा एकेक फोटो काढा. दोन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि ते तुमच्या फोनपुरतं खरं असतं.

फोनमध्ये काय बदलायचं

आपोआप मॅक्रो बंद करा, नाहीतर जवळ जाताच फोन अल्ट्रावाइडवर उडी मारतो आणि भिंग भलत्याच कॅमेऱ्यासमोर राहतं. आयफोन १३ प्रो आणि पुढच्या प्रो मॉडेलांत सेटिंग्जमधल्या कॅमेरा विभागात 'मॅक्रो कंट्रोल' चालू करा. मग जवळ गेल्यावर स्क्रीनवर फुलाचं चिन्ह येतं, ते दाबून मॅक्रो बंद करता येतो. फ्लॅश आणि ब्यूटी फिल्टरही बंद.

प्रो मोड असेल तर फोकस हाताने अनंतावर न्या (डोंगराचं चिन्ह). आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ५० ते १००. स्टँडवरच्या निश्चल वस्तूला शटर कितीही मंद चालेल, हातात धरून १/२५० सेकंद किंवा वेगवान हवा, कारण चित्राबरोबर हाताची थरथरही मोठी होते. प्रो मोड नसेल तर विषयावर बोट दाबून धरा आणि फोकस-एक्स्पोजर लॉक करा.

फोकस: फोन हलवायचा

नवख्याचे बहुतेक प्रयत्न इथे फसतात. एकदा भिंग लागलं की स्पष्ट दिसण्याचा टापू फार अरुंद होतो. समजा फोन स्वतः १० सेंटिमीटरपर्यंत फोकस करू शकतो आणि भिंग २५ मिमीचं आहे. मग भिंगापासून २० ते २५ मिमी एवढ्याच टापूत चित्र मिळेल. १८ मिमीवर नाही, ३० वर नाही. स्क्रीनवर कितीही टिचक्या मारल्या तरी नाही. त्या पाच मिलिमीटरमध्येही एका वेळी स्पष्ट येणारी जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. टेलिफोटोवर हेच भिंग लावलं तर त्याहून कमी.

म्हणून फोकस लॉक करून फोनच पुढे-मागे करायचा.

सरावाला छापील रंगीत जाहिरात घ्या. ती सपाट असते, हलत नाही आणि चूक लगेच दाखवते. भिंग कागदाला जवळजवळ टेकवा आणि फोन एकेक मिलिमीटर वर घ्या. धुरकट रंगातून अचानक ठिपके उमटतील: निळसर, किरमिजी, पिवळे, काळे. जो भाग साध्या डोळ्यांना सलग तपकिरी दिसत होता, तो या चार शाईंच्या ठिपक्यांनी भरलेला असतो. हे ठिपके मध्यभागी काठोकाठ रेखीव येईपर्यंत सराव करा. ते जमल्याशिवाय कीटकांमागे लागू नका.

हातात धरून काढताना दोन्ही कोपर टेकवा आणि फोन धरलेल्या हाताची करंगळी विषयाच्या पातळीवर टेकवा. अंगठ्याने स्क्रीन दाबली की फोन हलतो, म्हणून आवाजाचं बटण किंवा २ सेकंदांचा टायमर वापरा. जिवंत कीटकासाठी बर्स्ट (एकापाठोपाठ सलग फोटो) सुरू करून फोन अगदी हळू पुढे सरकवा. वीस-तीस फोटोंतून डोळे नेमके पकडलेला एखादा हाती लागतो. कीटकाकडे जाताना मात्र लांबून जवळ या. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तीच वेळ साधा.

प्रकाश

चांगलं भिंग वाईट प्रकाशात हरतं, साधं भिंग चांगल्या प्रकाशात सुंदर चित्र देतं. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न पडला तर आधी प्रकाशाचा विचार करा.

पांढऱ्या, अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या डबीच्या तळाला भिंगाएवढं भोक पाडा आणि डबी विषयावर पालथी घाला. डबीची उंची भिंगाच्या अंतराएवढीच कापा, म्हणजे फोन डबीवर टेकवला की विषय आपोआप फोकसमध्ये येतो. बाहेरून दिवा लावला की प्रकाश चारही बाजूंनी मऊ पडतो. बीटलच्या पाठीवरचे पांढरे डाग जातात आणि खाली लपलेला रंग वर येतो.

नाण्याचा उठाव, कापडाची वीण, कागदाचे तंतू दाखवायचे असतील तर उलट करा. डबी काढा आणि एकच दिवा एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, १५-२० अंशांवर ठेवा. सावल्यांमुळेच खडबडीतपणा दिसतो.

पानाच्या शिरांसाठी प्रकाश मागून हवा. टॅबलेटवर पांढरी स्क्रीन लावा आणि पान तिच्या ३-४ सेंटिमीटर वर धरा. मध्ये ट्रेसिंग पेपर ठेवा, नाहीतर पानाआडून स्क्रीनचे पिक्सेल डोकावतात.

चित्रात आडवे काळे पट्टे आले तर दोष भिंगाचा नसतो. ५० हर्ट्‌झ विजेवर चालणारे अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. ६० हर्ट्‌झची वीज असेल तिथे १/१२० किंवा १/६०.

ओल्या किंवा चकचकीत पृष्ठभागाची चमक मऊ प्रकाशानेही जात नसेल, तर पोलरायझिंग फिल्मचा एक तुकडा दिव्यापुढे आणि दुसरा भिंगापुढे लावा. दुसरा गोल फिरवत राहा, एका स्थितीत चमक नाहीशी होते. नाण्यांवर हे करू नका, धातू काळवंडलेला दिसतो.

भिंग लावलेला फोन सूर्याकडे कधीही रोखू नका, आणि भिंग उन्हात उघडं टाकून जाऊ नका.

चित्र बिघडलं तर कारण शोधा

एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर येत असेल तर फोन तिरका आहे. विषयाच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवा. भिंगाचं प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध दिसलं की फोन सरळ. सगळ्या कडा सारख्याच धूसर असतील तर तो भिंगाचा स्वभाव आहे. कडा कापून मधला भाग ठेवा, किंवा २ एक्स निवडा. जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर यात फारसा तोटा नाही.

सगळं चित्र फिकट आणि दुधाळ दिसत असेल, तर आधी बोटाचा ठसा पाहा. तो नसेल तर बाजूचा दिवा थेट भिंगावर पडतोय. काळ्या कागदाची बारीक नळी लावून तो अडवा. फोकस सतत आत-बाहेर धावत असेल तर तुम्ही त्या अरुंद टापूच्या बाहेर आहात, किंवा लॉक सुटलाय.

स्टँड आणि अनेक फोटोंचा एक फोटो

अर्ध्या मिलिमीटरच्या खोलीत पूर्ण माशी बसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याचं छिद्र बहुधा लहान-मोठं करता येत नाही, म्हणून एकच मार्ग उरतो: थोड्याथोड्या अंतराने अनेक फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग एकत्र करायचा. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. हे हातात धरून जमत नाही.

स्टँड घरी करता येतो. १५ बाय १० सेंटिमीटरच्या जाड प्लायवर १० सेंटिमीटर लांबीचे तीन एम ६ (६ मिमी जाडीचे) बोल्ट उभे बसवा, दोन पुढे, एक मागे. वर तिन्हींवर ३ मिमीची ॲक्रिलिकची पट्टी नटांनी सपाट बसवा, तिला भोक पाडून भिंग त्यात ठेवा आणि फोन पट्टीवर आडवा टाका. पुढच्या दोन बोल्टांवर एक लहान फळी ओवा, तिच्या खाली प्रत्येकी एक विंग नट. विषय या फळीवर.

एम ६ बोल्टच्या आट्यांतलं अंतर १ मिमी असतं. म्हणजे नट पाव फेरा फिरवला की फळी ०.२५ मिमी सरकते, आपल्याला हवी तेवढीच. दोन्ही नट सारखेच फिरवा, नाहीतर फळी कलते. ४ मिमी उंचीच्या विषयाला १६ पावलं लागतात. वर-खाली दोन-दोन जादा धरून २० फोटो काढा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस तिन्ही लॉक, आणि दिवा मध्येच हलवायचा नाही.

जोडणीसाठी संगणकावर हेलिकॉन फोकस किंवा झीरीन स्टॅकर ही विकतची सॉफ्टवेअर आहेत. मोफत हवं असेल तर हगिन या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं अलाइन इमेज स्टॅक आधी वापरा आणि मग एनफ्यूज. एनफ्यूजमध्ये कॉन्ट्रास्टचं वजन १, एक्स्पोजर आणि सॅच्युरेशनचं ०, हार्ड मास्क चालू. केसांभोवती धुरकट वलय आलं तर पावलं मोठी पडली आहेत. अष्टमांश फेऱ्याने पुन्हा काढा.

फोटोवरून माप

ज्या मांडणीत विषयाचा फोटो काढला, त्याच मांडणीत झूम आणि फोकस न बदलता स्टीलच्या पट्टीचा एक फोटो काढून ठेवा. ४००० पिक्सेल रुंद फोटोत ३३ मिमी मावत असतील, तर एका मिलिमीटरला साधारण १२१ पिक्सेल. मिठाचा कण ४० पिक्सेल भरला तर तो ०.३३ मिमीचा. माप नेहमी चौकटीच्या मध्यभागी घ्या, कारण साध्या भिंगात कडेकडचं चित्र ताणलं जातं. फोटोचा आकार कमी करण्याआधी त्यावर १ मिमीची रेघ काढा. नंतर फोटो कितीही लहान केला तरी ती रेघ त्याच प्रमाणात लहान होते आणि माप खरं राहतं.